दोन बोटं माया

कात्र्या आणि यंत्रं एकमेकांशी बोलत, त्या काळातली गोष्ट. मृदुला नावाच्या फॅशन डिझायनरने कापड कापायला नवं यंत्र आणलं. ते प्रकाशाने अंगाचं अचूक माप घेई.

नवरीची चोळी बेतताना जुनी कात्री त्याला म्हणाली, "शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड ठेव. माया असू दे."

"माझं माप चुकत नाही," यंत्र म्हणालं.

मृदुलाने मात्र माया ठेवायला लावलीच. यंत्राला ते लागलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी आली. आजारपणातल्या औषधांनी तिचं अंग सुजलं होतं. चोळी बसेना, तशी ती मान खाली घालून उभी राहिली. मृदुलाने शिवण उसवली, आतलं कापड सोडलं आणि हाताने टाके घातले. चोळी बसली.

यंत्राने हळूच विचारलं, "ती सुजणार हे तुला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं," कात्री म्हणाली. "म्हणून तर जागा ठेवायला सांगितली."