वीक कोण, फीबल कोण?

वडबारीच्या अमृतराव महाराजांनी गोऱ्या मास्तराकडून दोन इंग्रजी शब्द उचलले आणि साऱ्या वाड्याची पंचाईत करून ठेवली. हुकूम सुटला: जे चाकर ‘वीक’ असतील त्यांना खुराक द्या, जे ‘फीबल’ असतील त्यांना घरी बसवा!

आता दोन्हींचा अर्थ अशक्तच, मग फरक काय? दिवाणजींना ठाऊक नव्हतं, पण महाराजांना विचारायची छाती कुणाची? त्यांनी आपल्या सोयीनं यादी केली. वाड्याचे नावापुरते चाकर असलेले त्यांचे सासरे दोन वर्षं खाटेवरून उठले नव्हते, ते वीक. आणि कातडी पखालीतून रोज वाड्याचं पाणी भरणारा म्हातारा दावल फीबल.

दावलची लेक जैतून भर दुपारी दरबारात येऊन उभी राहिली. “सरकार, रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं झालंय. माझा अब्बा फीबल नाही.”

“मग फरक दाखव,” महाराज म्हणाले. “आमच्या मास्तरालाही धड सांगता आला नाही. जमलं तर बाप राहील. नाहीतर आजच चालता होईल.”

जैतूननं बापाला भरली पखाल घेऊन बोलावलं. दावल लटपटत आला, दोनदा टेकला, दम खाल्ला. पण पाणी रांजणात ओतूनच थांबला.

“हा वीक. बळ सरलंय, पण काम अडलेलं नाही.”

“आणि फीबल?”

जैतूननं परवानगी घेऊन महाराजांच्या कानात काही सांगितलं. वैशाखाचं ऊन पेटलेलं. महाराज खांदे आखडून म्हणाले, “आज गारठा फार आहे, नाही?”

“हाडं गोठली, महाराज,” म्हणत दिवाणजींनी घाम पुसता पुसता शाल मागवली. सेनापतींचे दात वाजू लागले. राजवैद्यांनी तर शेगडी पेटवायला लावली.

“हे फीबल, सरकार. अंगं तालमीतली, पण ‘नाही’ एवढा शब्द कुणाला उचलवत नाही.”

“मग हुकमाप्रमाणे यांना घरी बसवू?”

“बसवा की! पण मुजऱ्याला एकटा अब्बा उरेल, आणि त्याची कंबर काही वाकायची नाही.”

महाराज पोट धरधरून हसले. दावलला दुप्पट खुराक मिळाला, जैतूनला हातातलं सोन्याचं कडं. दिवाणजी हळूच शाल उतरवायला लागले, तसे महाराज म्हणाले, “राहू द्या, दिवाणजी. दिवस मावळेपर्यंत शेगडीजवळच बसा. गारठा फार आहे.”