चौगुल्यांच्या दुकानातला फळा

“पुसतोय म्हंजे पुसतोय! तो शब्द आता कोण तरी बोलतंय काय?” बाळगोंडा चौगुले ओरडला. त्याच्या हातात रॉकेलात भिजवलेलं फडकं होतं.

“फडकं टेकवून तर बघ,” त्याच्यासमोर उभी असलेली द्वारकाबाई मुरदंडे म्हणाली. “मग तुझं दुकान आणि मी.”

“मावशी, उगं तालेवारी करू नका,” सुकुमार जॉबर मध्ये पडला. “तुमचा खेळ कवाच भंगारात गेला.”

“खेळ गेला. मी हाय न्हवं?”

हे भांडण इचलकरंजीत एकोणीसशे नव्याण्णव साली, भर दुपारी झालं, असे सांगतात. ज्या फळ्यावरून झालं तो तुमच्या समोर टांगलेला आहे. बघा, पण हात लावू नका. पत्रा आहे, काळा रंग दिलेला. त्यावर पांढऱ्या रंगात एकाखाली एक सहा शब्द आहेत: एक माणूस, स्टोरी, सिंगल प्लेयर, कॅम्पेन, ऑफलाइन, सोलो. प्रत्येक शब्दापुढे एकेक नाव. सहाही शब्दांचा अर्थ एकच, की समोर दुसरं कुणी नाही, तू एकटा खेळ. दर पाच-सहा वर्षांनी पोरं नवा शब्द आणतात आणि आपल्या आधी जगात कुणी खेळलंच नाही अशा तोऱ्यात हिंडतात. आणू देत. शब्द येतात आणि जातात, त्याचं मला काही वाटत नाही. पण सगळ्यात वरचा शब्द या दुकानात का टिकला, ते ऐकून मग जा.

बाळगोंडाने हे व्हिडिओ गेमचं दुकान मागांच्या गल्लीत काढलं, तेव्हा इथे एकच खोका होता. उभ्या कपाटासारखा, वर काच, खाली दांडी आणि दोन बटणं. एका बटणावर एका माणसाचं चित्र, दुसऱ्यावर दोन माणसांचं. म्हणून गल्लीत दोनच शब्द होते, ‘एक माणूस’ आणि ‘दोन माणूस’. कारखान्यातले कामगार जेवणाच्या सुट्टीत यायचे ते जोडीने. एकट्याने खेळणं म्हणजे जोडीदार न मिळाल्याची लाज, असं तेव्हा मानत.

द्वारकाबाई समोरच्या कारखान्यात मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. तिथे तिला ‘कांडीवाली’ म्हणत. घरी ती ‘मुरदंड्याची बायको’, नवरा वारल्यावर ‘मुरदंड्याची बाई’. तिचं नाव द्वारका आहे हे गल्लीत चार माणसांना ठाऊक असेल-नसेल. ती एक दिवस भाकरी खाऊन सरळ दुकानात शिरली. तिच्या शेजारी कोण उभं राहणार? पुरुष हसले, बायकांनी तोंडाला पदर लावला. तिने एका माणसाचं बटण दाबलं.

त्या खेळात सात किल्ले होते. सातवा कुणीच घेतला नव्हता, जोडीनेसुद्धा नाही. पहिल्याच दिवशी ती पहिल्या किल्ल्याच्या दारात मेली आणि पोटभर हसणाऱ्यांकडे वळून म्हणाली, “सातवा घेईपर्यंत चहा सोडला.” बारा तास कांड्या भरणाऱ्या बाईने चहा सोडणं म्हणजे काय, ते भरणाऱ्यांनाच कळेल. अकरा महिने तिने चहाला तोंड लावलं नाही, असे सांगतात.

शेवटच्या दिवशीचं मात्र मी ऐकलं तसं सांगते, पाहिलेलं नाही. ती सातव्या किल्ल्यात शिरली आणि अख्ख्या गावाची लाइट गेली. माग बंद पडले. इचलकरंजीत माग बंद पडले की शांतता कानात दुखते. पण दुकानातला खोका बंद पडला नाही, म्हणे. काच उजळलेली आणि द्वारकाबाईचे हात चाललेले. बॅटरी असेल, दुसरी कुठली तार असेल, मला तिथलं काही ठाऊक नाही. पण रिकामे झालेले चाळीस-पन्नास कामगार त्या उजेडाकडे आले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत किल्ला पडला, याची शपथ घेणारे आजही भेटतात.

बाळगोंडाने त्याच आठवड्यात हा पत्रा रंगवून घेतला आणि लिहिलं: ‘एक माणूस – द्वारका मुरदंडे’. साऱ्या गावात तिचं नाव फक्त इथे लिहिलेलं होतं. ती रोज कामावर जाताना दारात थांबायची, वाचायची आणि पुढे जायची.

नऊ वर्षं गेली. खोका भंगारात गेला, टीव्हीला जोडायची यंत्रं आली, तबकड्यांवरचे खेळ आले. त्यांत एकट्याच्या खेळाला ‘स्टोरी’ म्हणत. सुकुमार मागदुरुस्तीतला हुशार जॉबर, त्याने चार महिने डोकं घालून तशी एक स्टोरी पुरी केली आणि बाळगोंडाकडे हक्क सांगितला: फळा पुसायचा, ‘स्टोरी’ लिहायचं आणि मोजणी नव्याने सुरू करून पुढे पहिलं नाव त्याचं. बाळगोंडाला ते पटलं, कारण नवी पोरं ‘एक माणूस’ वाचून खिदळायची आणि दुकान जुनाट दिसायचं. कुणीतरी जाऊन द्वारकाबाईला सांगितलं. ती हातातली कांडी तशीच घेऊन आली.

“तुमच्या खेळात गोष्टच न्हवती, मावशी,” सुकुमार म्हणाला. “नुसतं मारत पुढं जायचं. ह्यात माणसाला घर हाय, भाऊ हाय, दगाफटका हाय. ही जातच येगळी.”

“दुसरा गडी लागतोय का त्याला?”

“न्हाई.”

“हरलं तर कुणाच्या नावानं बोंबलतोस?”

“माझ्याच. पर तरीबी येगळी.”

मला विचाराल तर सुकुमार अगदीच खोटं बोलत नव्हता. त्यानेही कष्ट केले होते आणि त्यालाही नाव हवं होतं. राग धरायचा तर तो बाकीच्यांचा धरावा. दारात जमलेल्यांत किल्ला पडताना पाहिलेले दहा-बारा तरी होते. द्वारकाबाईने एकेकाकडे पाहिलं.

“तुम्ही बघितलं न्हाईसा काय रे?”

“बघितलं की, मावशी,” एक जण चपलेकडे बघत म्हणाला. “पर त्यो खेळ आता ऱ्हायलाच न्हाई, तर काय बोलायचं?”

बाकीचे स्टुलाला जागा द्यायला बाजूला सरले. बाळगोंडाने फडकं पिळलं आणि स्टुलावर चढला. तेव्हा ती जे बोलली, त्यावर तो पुन्हा खाली उतरला. फडकं त्याने गटारात टाकलं आणि ब्रश सुकुमारच्या हातात दिला. सुकुमारने वाकून, वरची ओळ सोडून, तिच्या खाली आपला शब्द आणि आपलं नाव लिहिलं. त्यानंतर कुठलाही नवा शब्द आला की तो खालीच लिहायचा, अशी इथली रीत पडली.

आजही या दुकानात एकट्याने खेळायला बसणारा आधी फळ्यासमोर उभा राहतो आणि वरून खाली सगळे शब्द नावांसकट मोठ्याने वाचतो. वाचले नाहीत तर बाळगोंडाचा मुलगा यंत्र चालू करत नाही, मग तुम्ही पुण्याहून आलेले असा की मुंबईहून. तुमच्यातला कुणी बसणार असेल तर त्यानेही वाचायचं. आणि वाचताना, स्टुलावर चढलेल्या बाळगोंडाला द्वारकाबाई काय म्हणाली ते ध्यानात ठेवायचं:

“लग्नात तांदळात बोट फिरवून माझं नाव बदललं, बाळगोंडा, पर त्या दिवसापासनं माझं वय कुणी पुन्हा एकापासनं मोजलं न्हाई.”