तिरडीवरचा डास

"महाराज, जगासाठी मेलेल्या माणसाला दीक्षा द्यायला तुमची अडचण तरी काय?"

दुधगावकरांनी हा सवाल टाकला तेव्हा धोंडीमहाराज मठाच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते.

आता रीत अशी, की संन्यास घ्यायचा तर आधी आपलं श्राद्ध आपणच घालायचं. पण ते गुरूंनी हो म्हटल्यावर! या गृहस्थांनी विचारायच्या आधीच सगळं उरकलं होतं. नदीवर मुंडण, पिंड, तीळ, पाणी... आणि तापलेलं टक्कल घेऊन टेकडी चढून आले होते. बसलेही कसे? डोळे मिटून, हात मांडीवर. मेलेल्या माणसाला शोभेल असे.

"मेलात कशाने?"

"सिनेमाने."

"बघून?"

"काढून." दुधगावकरांचा आवाज चिरकला. "'सौभाग्याचा शेवटचा घोट'. रडायचा सिनेमा होता, महाराज! लोक पोट धरून हसले. एका पेपराने लिहिलं, अख्ख्या चित्रपटात जिवंत अभिनय काय तो मढ्याने केलाय."

महाराजांच्या हातातली शेंग खाली पडली.

"तिरडीवर डास मारतो... तो?"

दुधगावकरांनी मान खाली घातली. निदान या टेकडीवर तरी कुणाला ठाऊक नसेल, एवढ्या एका आशेवर बिचारे आले होते.

"अगं सगुणे! या रे सगळे! डासवाले आलेत!"

झालं! स्वयंपाकघरातून पिठाचे हात घेऊन सगुणाबाई धावली. मागून टाळकरी, मागून पाणक्या. दर रविवारी महाप्रसाद झाला की भक्ताने दिलेल्या टीव्हीवर हाच सिनेमा लागायचा, आणि सगळा मठ सोबत संवाद म्हणायचा.

"'नाथ, उठा ना! निदान चहा तरी घ्या!'" टाळकऱ्याने तिथल्या तिथे हंबरडा फोडला. पाणक्या आडवा झाला आणि त्याने स्वतःच्या गालावर फाडकन चापट मारून घेतली. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

दुधगावकरांच्याही आलं, पण ते वेगळं. जिथे जावं तिथे हेच! धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं त्यांना.

"तुम्हीसुद्धा हसता, महाराज?"

महाराजांनी डोळे पुसले. सगुणाबाई पुढे झाली आणि तिने पिठाच्या हातांनीच नमस्कार केला.

"दादा, आमचे मालक गेले तवा मीबी त्यांच्या हाताकडंच बघत बसले व्हते. आता हलंल, मग हलंल... न्हाई हलला." ती खुदकन हसली. "तुमच्या शिनेमात हलला बघा."

पाणक्या उठून बसला.

दुधगावकरांनी तिच्याकडे पाहिलं. मग काहीतरी आठवून पुन्हा डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले.

"ते सगळं आता मागे पडलं. सिनेमा, मान, अपमान... काही उरलं नाही. दीक्षा द्या."

"देऊ की." महाराजांनी दुसरी शेंग उचलली. "सिनेमा झकास आहे. फक्त त्यातला चंद्र तेवढा... जरा लहान पडला."

"लहान?"

"वाटीएवढा दिसतो."

"वाटी?" दुधगावकर ताडकन उठले. "अहो, लग्नाच्या पंगतीची परात होती ती! एवढी!" त्यांनी दोन्ही हात फाकवून दाखवले. "पिवळा रंग मी स्वतः दिलाय! त्या कॅमेरावाल्या गाढवाने लांबून घेतली, मी काय करू? आता दुसऱ्या भागात बघा, असा चंद्र उगवतो की नाही..."

आणि ते थांबले.

हात तसेच, हवेत.

महाराजांनी शेंगदाणा तोंडात टाकला.

"सगुणे, यांना जेवायला वाढ. मढ्याचा हात हलला."