शिडाचं शिक्षण

"पण किती दिवसांत शिकवाल, तेवढं सांगा."

आमदार विश्राम यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. धाकू नाखवा आपल्या खोपटापुढे वाळूत बसले होते. शिडाची होडी हाकलेला माणूस गावात आता तेवढा एकच उरला होता.

समोर साठ बोटी वाळूवर ओढून ठेवलेल्या. चार महिने बंदरावर डिझेल आलं नव्हतं. येईल, असं आता कुणी म्हणतही नव्हतं.

"कापड मागवलंय," विश्राम म्हणाले. "डोलकाठ्या येताहेत. वीस पोरं निवडलीत. तुम्ही फक्त शिकवायचं."

"तुला मी किती दिवस शिकवलं होतं?"



"तीन वर्षं. मग गावात इंजिनं आली..."

"हं."



"नाखवा, तेल आटत चाललंय हे मला ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी समितीत अहवाल आला होता. मी तो पुरता वाचला होता."

"मग?"

"सभेत बोललो असतो तर निवडून आलो नसतो."

"खरं आहे," नाखवा म्हणाले. "मीसुद्धा तुला मत दिलं नसतं."

विश्रामांनी मान खाली घातली.

"त्याच वर्षी तुम्ही माझ्याकडे आला होता. शिडाची एक तरी होडी राहू दे, दरवर्षी चार पोरं शिकवतो, म्हणत होता."

"हो. तू माझा सत्कार केलास."

"शाल दिली होती..."

"चांगली होती शाल. ऊबदार."

"आता शिकवा. हात जोडतो."

नाखव्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले. बोटं आकड्यासारखी वळली होती. मिटत नव्हती, उघडतही नव्हती. विश्रामांनी ते हात कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

"मग... मग तोंडी सांगा. लिहून घ्यायला माणूस आणलाय."

"वारा दोरीत कळतो रे. सांगायला बसलो की माझं मलाच सापडत नाही."

नाखव्यांनी मनगटानं शेजारची दोरी त्यांच्याकडे ढकलली.

"शिडाची गाठ मार."

"आठवत नाही आता."

"मार."

विश्राम नुसते दोरीकडे बघत राहिले. मग बोटं आपसूक हलली. एक वेढा, दुसरा, खालून ओढ. गाठ बसली.

त्यांचे डोळे भरून आले.

"एवढंच येतं मला," ते हळूच म्हणाले. "वादळात शीड कसं उतरवायचं ते राहिलंच. तिथवर आलोच नव्हतो."

"ठाऊक आहे. तिथेच तू सोडून गेलास."

"मग पोरांना ते कोण शिकवणार?"

नाखवा बोटींच्या पलीकडे बघत होते...

"दर्या शिकवील. तू त्यांच्या आयांना सांगून ये."