काजव्यांनी मागितलेली तीन करवंदं

त्या दिवशी सकाळपासूनच हवा कोंडली होती. वैशाख सरत आला होता. वारा नाही, पान हलत नाही, आभाळात थोडे ढग आलेले, पण तेही जागचे हलायला तयार नाहीत. ओढ्यातले गोटे असे तापले होते की सरडासुद्धा एक पाय टेकवून दुसरा उचलत होता. बाळांनो, अशा उन्हात एका जंगलातल्या कोरड्या ओढ्यात एक टिटवी आपली चार अंडी सांभाळत बसली होती.

टिटवी काही झाडावर घरटं बांधत नाही. गोट्यांमध्येच जरा खळगा करते आणि तिथे अंडी घालते. अंडी दिसायलाही गोट्यांसारखीच. दिवसा ते बरं, कारण कुणाच्या नजरेत येत नाहीत. पण दिवस मावळला की सांबरं पाण्यावर जायला निघतात, आणि त्यांची वाट नेमकी तिथूनच जाते. अंधारात एक खूर पडला की संपलं. टिटवीचा जोडीदार आठवड्यापूर्वी ससाण्याने नेला होता. आता जे काही बघायचं ते तिने एकटीनेच.

तिला आधार होता काजव्यांचा. त्या जंगलात काजव्यांनी पाणवाट उजळायची, अशी जुनी रीत होती. तिन्हीसांज झाली की वाटेवरच्या एकेका झुडपावर वीस-वीस काजवे येऊन बसत आणि वाट दिसू लागे. त्या बदल्यात ज्याने त्याने रोज एक पिकलेलं करवंद वाटेच्या तोंडाशी असलेल्या दगडावर नेऊन ठेवायचं. काजवे त्याचा रस पीत. टिटवीही रोज एक करवंद ठेवी, आणि तिच्या खळग्याशेजारच्या खुरट्या झुडपावर वीस काजवे बसत. सांबरं वळसा घालून जात.

पण त्या वर्षी वरचं डबकं आटलं. जनावरांना पार खालच्या डोहापर्यंत जावं लागू लागलं. वाट दुप्पट झाली. काजव्यांनी दोन-चार दिवस कसंबसं निभावलं, मग त्यांची थोरली काजवी डोहावर आली. डोहात एक म्हातारं कासव राहत असे. जंगलात कुणाला दर वाढवून हवा असला तर त्याने कासवाकडे जायचं आणि सगळ्यांसमोर मागायचं, असं ठरलेलं होतं.

थोरली काजवी सगळ्यांदेखत म्हणाली, "कासवआजोबा, एका करवंदात आता भागत नाही. वाट लांबली, पोरं दमतात. उडता उडता खाली पडतात हो. उद्यापासून घरटी तीन करवंदं मिळाली पाहिजेत."

"तीन?" साळिंदर काटे खळखळवत ओरडलं. "अगं, ढुंगणाला एवढासा दिवा आणि भाव केवढा!"

सगळे हसले. 

सांबर मोठं शिंगाळं जनावर, त्याचा आवाजही मोठा. ते म्हणालं, "एकाचं दीडसुद्धा होणार नाही. आमचे आजे-पणजे चांदण्यात पाण्यावर जात होते. आम्हालाही जाता येईल."

"मग जा की," थोरली काजवी म्हणाली. "अवसेला कळेल."

गलका वाढला. कासवाने डोकं आत ओढून घेतलं. ते विचार करायला लागलं की असंच करी, आणि ते डोकं बाहेर काढेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा शिरस्ता होता. जनावरं ताटकळत उभी राहिली. शेवटी डोकं बाहेर आलं.

"रीतीप्रमाणे मी आधी वाट चालून बघणार," कासव म्हणालं. "तोवर करवंद एकच, आणि उजेडही आहे तसाच."

"तुम्ही चालणार?" साळिंदर म्हणालं. "म्हणजे निकाल आमच्या नातवंडांना कळायचा!"

"नातवंडं होऊ देत तरी," शेजारच्या बिळातून खेकडा म्हणाला. तो कासवाचा शेजारी. बोलायला तिरकस, चालायलाही तिरकस. पण कासव निघालं तेव्हा एकटा तोच त्याच्याबरोबर निघाला. "उजळलेलं झुडूप दिसलं की मी वाळूत एक रेघ ओढीन," तो म्हणाला. "तुला आकडा लक्षात राहत नाही, मला ठाऊक आहे."

तीन दिवस लागले. तिन्हीसांजा झाल्या की दोघं चालायचे, अंधार दाटला की थांबायचे. उगाच म्हणायचं नाही, पण असं सावकाश चालणारा माणसांतही विरळा. कासव प्रत्येक झुडपाशी थांबे, मान वर करून बघे, आणि काजव्यांना विचारी, "काय रे, किती लांबून आलात?" काजवे सांगत. काही बिचारे खरोखरच दमलेले होते. वाट लांबली होती हे खरंच होतं. आधी तीस झुडपं होती, आता साठ झाली होती. खेकड्याच्या रेघा खोट्या नव्हत्या.

पण आणखीही काही दिसलं. साळिंदराने आपल्या बिळाला मागून दुसरं दार काढलं होतं आणि बाजूला तिसरं. तिन्ही दारांशी एकेक झुडूप उजळलेलं. करवंद मात्र एकच.

"बघितलंस?" खेकडा म्हणाला. "भावाला हसणारा हाच."

मग ते ओढ्याच्या वळणावर आले, आणि कासव थांबलं. पलीकडच्या काठावर अर्जुनाचं एक जुनं झाड होतं. ते बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लखलखत होतं. हजारो काजवे. एकदम पेटत, एकदम विझत. असं वाटावं की झाडच श्वास घेतंय. दोघं बराच वेळ नुसते बघत राहिले. इतकं सुंदर होतं ते.

"खालून वाट जाते का रे तिथून?" कासवाने विचारलं.

"कशाची वाट? कडा आहे तिकडे. माकडसुद्धा जात नाही."

 तिसऱ्या दिवशी सकाळी परतताना ते टिटवीपाशी पोचलं. टिटवी तेव्हा जागेवर नव्हती. ती डोहाकडून धावत आली, पोटाखालची पिसं पाण्याने निथळत होती. आल्या आल्या ती अंड्यांवर बसली आणि ओल्या पिसांनी त्यांना गार करू लागली.

"आजोबा, रागावू नका, उठत नाही," ती धापा टाकत म्हणाली. "ऊन असं आहे की पिसं सुकली की अंडी भाजायला लागतात. दिवसभर हेच. पाणी, अंडी, पाणी, अंडी."

"परवा तू डोहावर बोलायला आली नाहीस."

"येऊ कशी? इथे कोण बसेल? काजव्यांनी तीन करवंदं मागितलीत असं ऐकलं. आजोबा, एक करवंद आणायला टेकडीवर जाऊन यायचं म्हणजे एक पाण्याची फेरी चुकते. एक चुकली तर चालतं. तीन चुकल्या तर अंड्यांत काही उरणार नाही. आणि उजेड गेला तर सांबरं आहेतच." ती जराशी थांबली. "काजव्यांचंही खोटं नाही म्हणा. काल एकजण माझ्या पुढ्यातच पडला. मी त्याला चोचीने उचलून झुडपावर ठेवला."

कासवाने डोकं आत घेतलं. खेकडा ताटकळत बसला. ऊन चढलं. डोकं बाहेर काढल्यावर कासव म्हणालं, "गड्या, सगळ्यांना निरोप दे. उद्या सकाळी बैठक डोहावर नाही. इथे."

"इथे? बैठक डोहावरच होते. कायम."

"जिला सगळ्यात जास्त बोलायचं आहे तिला डोहावर येता येत नाही."

असं आजवर कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, सगळे कोरड्या ओढ्यात जमले. कुणाला कुठे पाय ठेवावा कळेना. सांबर तर एका जागी खांबासारखं उभं राहिलं, खालच्या गोट्यांतला कुठला गोटा आणि कुठलं अंडं हेच त्याला उमगेना.

"जरा मागे हो दादा," टिटवी म्हणाली, "तुझ्या डाव्या खुरापासून वीतभरावर आहेत."

 सांबर एकेक पाय जपून उचलत मागे सरकलं.

कासवाने जे पाहिलं ते सांगितलं. वाट लांबली आहे, काजवे दमतात, हे खरं. साळिंदराची तीन दारंही सांगितली. साळिंदराचे काटे खाली बसले. मग कासव थोरल्या काजवीकडे वळलं. "बाई, अर्जुनाच्या झाडाखालून कोण जातं?"

थोरली काजवी म्हणाली, "कुणी नाही. ते आमचं झाड आहे. आमच्या आज्या तिथे बसायच्या. ते उजळलं नाही तर काजव्यांची शान ती काय राहिली?"

"शान तुमची. पण तिचा रस सगळ्यांच्या करवंदांतून यावा का?"

"म्हणजे हे शेकडो करवंदं त्या झाडावर उडवतात!" साळिंदर पुन्हा फणफणलं.

"तू आधी तुझी दारं बुजव," खेकडा म्हणाला, आणि सगळे हसले.

कासव म्हणालं, "मी निकाल सांगू शकतो. माझं डोकं तेवढं चालतं. पण मी सांगितलं तर तुमच्यातलं एक कुणीतरी कुरकुरत घरी जाईल, आणि पुढल्या वर्षी पुन्हा हेच. मी इथे बसतो. तुम्ही आपसांत बोला. जमलं की मला उठवा." आणि त्याने खरंच डोकं आत ओढून घेतलं.

 थोरली काजवी टिटवीच्या झुडपावर बसली होती. तिथून तिला चारही अंडी दिसत होती, आणि टिटवीची सुकत चाललेली पिसंही. टिटवी उठली, पाण्याकडे धावली, परत आली. बोलणं सुरू व्हायच्या आत ती दोनदा जाऊन आली.

मग थोरली काजवीच पहिल्यांदा बोलली, आणि हे मला फार मोठं वाटतं. तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. ती म्हणाली, "झाड आम्ही आमच्या हिमतीवर उजळू. वर्षातून एक दिवस. बाकीचे दिवस ती पोरं वाटेवर येतील. मग आम्हाला तीन नकोत. दोन पुरतील."

"दोन?" सांबर म्हणालं. पण त्याचा आवाज पहिल्यासारखा उरला नव्हता. ते खालच्या गोट्यांकडे बघत होतं. "बरं. दोन. पण एकदम नको. या पुनवेपर्यंत दीड, मग दोन. माझ्या कळपात पाडसं आहेत, त्यांना टेकडीची सवय होऊ दे."

"चालेल," थोरली काजवी म्हणाली.

"साळिंदराचं काय?" खेकड्याने विचारलं.

"एका दाराला दोन," साळिंदर पुटपुटलं. "बाकीची बुजवतो."

आता उरली टिटवी. ती अंड्यांवरून म्हणाली, "मला एकच जमतं. फुकटात उजेड मागत नाही मी. पण एकाहून जास्त आता नाही जमत."

 तेवढ्यात सांबर घसा खाकरून म्हणालं, "हिच्या झुडपाचा उजेड हिच्यासाठी नाहीच मुळी. ही तर दिवसाही इथे, रात्रीही इथे. तो उजेड माझ्या खुरांसाठी आहे. मला दिसावं म्हणून. मग तिचं वरचं करवंद माझ्याकडे." आणि थोडं लाजून ते म्हणालं, "माझं तोंड मोठं आहे. एका खेपेत चार आणता येतात."

"पिल्लं चालायला लागली की मी दोन ठेवीन," टिटवी पटकन म्हणाली. "तोवरच हं दादा."

"ठेव की. कोण अडवतंय?"

थोरली काजवी खाली उतरली आणि कासवाच्या पाठीवर टकटक करू लागली. इतकीशी ती, तिची टकटक त्याला कळावी तरी कशी? शेवटी खेकड्याने नांगी आपटली. कासवाने डोकं काढलं, सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "कुणाला कुरकुर?"

कुणालाच नव्हती. म्हणजे थोडी थोडी प्रत्येकाला होती, पण पोटातच राहील एवढीच.

"मग झालं," कासव म्हणालं. "पुढे कुणाला दर वाढवून हवा असेल तर त्याने माझ्याबरोबर वाट चालायची. सगळी."

"तुझ्या चालीने?" थोरली काजवी घाबरून म्हणाली.

"माझ्या चालीने."

त्या संध्याकाळी अर्जुनाचं झाड अंधारात उभं राहिलं. ते कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा. पण ओढ्यापासून डोहापर्यंतची वाट अशी उजळली की पाण्यावर जाणाऱ्या सशांचे कानही दिसावेत. टिटवीच्या झुडपावर वीसऐवजी चाळीस काजवे होते. सांबरांचा कळप आला, पुढचं शिंगाळं थांबलं, मागच्या पाडसांना हुंकारून सावध केलं, आणि सगळा कळप वळसा घालून गेला. नऊ दिवसांनी चारही अंडी फुटली.

कासव डोहात परतलं होतं, चालून पाय दुखत होते. सगळी जनावरं थोरल्या काजवीचं कौतुक करत होती, सांबराचं करत होती, आणि तेच बरोबर होतं. कासवाला मात्र कुणी काही म्हटलं नाही. म्हटलं ते एकट्या शेजाऱ्याने.

तात्पर्य : खेकडा कासवाला म्हणाला तेच — "गड्या, आम्ही तुझ्या चालीला हसलो. पण उजेड देणाऱ्यांची वाट तू पायांनी चाललास आणि उजेड घेणारीच्या दाराशी जाऊन बसलास, म्हणून दोन्हीकडचे आपणहून एकेक पाऊल मागे आले. डोहात बसून सांगितलेला दर कितीही बरोबर असता, तरी असा टिकला नसता."