अकरा घुबडांचं झाड

ही गोष्ट शब्दन्‌शब्द खरी आहे, तुमच्या गळ्याची शपथ. आता, ती घडली तिथं कुणीच गेलेलं नाही आणि गेलं असतं तरी काही दिसलं नसतं, हा भाग वेगळा.

त्या मुलखात प्रत्येक झाडाच्या ढोलीत घुबडं राहत. घुबडाघुबडांत हाडवैर, म्हणून त्यांच्यामध्ये गुळगुळीत धोंडे ठेवलेले असत. धोंडे बोलत नसत, पण त्यांच्याच जिवावर ढोली टिकून होती. बाहेर प्रत्येक घुबडाच्या नावानं एक पाकोळी घिरट्या घाली. ढोलीत जितकी घुबडं, तितक्यांचं ते झाड. दुसरी ओळख नाही.

मोजणी तांबट पक्ष्याकडे होती. ढोलीत शिरलं की चोच बसते, म्हणून तो लांबूनच पाकोळ्या मोजी. टुक, टुक, टुक. जितक्या पाकोळ्या तितकी घुबडं. पिढीजात रीत.

एका वर्षी अकराच्या झाडाची सगळ्यांत बाहेरची पाकोळी शेजारच्या सतराच्या झाडाकडे निघून गेली. तिथं बाहेरच्या घेऱ्यात नेमकी एक जागा रिकामी होती. तांबटानं शेजारी अठरा कोरलं, इथं दहा मोजल्या आणि बुंध्यावर चोचीनं दहाचा आकडा कोरला. दहाची झाडं मुलखात खानदानी. कुणाचं घेत नाहीत, कुणाला देत नाहीत. घुबडं हरखली. पण दहा म्हटल्यावर एक घुबड जास्तीचं झालं. ज्याची पाकोळी गेली होती त्या सखबाला त्यांनी मेलेला ठरवलं आणि त्याच्यादेखत त्याचं सुतक धरलं. घासही बंद केला.

सखबा ढोलीच्या तोंडाशी आला. "तांबटराव, गेली ती पाकोळी. मी इथंच आहे की!"

"कोरलं ते कोरलं, आजोबा."

"मग मेलेल्याला एवढी भूक कशी लागते, तेवढं सांगून जा."

तांबट न सांगताच उडाला. त्या दिवसापासून त्याची टुकटुक दहावर अडकू लागली. मागची झाडं आठवत. कुठं पाकोळी गेली असेल, कुठं जास्तीची आली असेल. आपण किती जिवंतांना पुरलं आणि किती न जन्मलेल्यांचं बारसं केलं?

सातव्या दिवशी भर दुपारी तो ढोलीत शिरला. दहा चोची बसल्या. त्यानं त्या मोजल्या. अकरावी बसेना.

"मारा ना, आजोबा," तो म्हणाला.

सखबानं मान फिरवली. "मेलेली घुबडं टोचत नाहीत, लेका."

रक्ताळल्या गळ्यानं तांबट बाहेर आला. त्यानं दहा खरवडून अकरा कोरलं आणि आकड्याच्या खांद्यावर अधिकाची बारीक खूण केली. शेजारी अठरा खोडून सतरा केलं. त्याच्या खांद्यावर उण्याची आडवी रेघ ओढली.

"गेली तिथं अधिक, आली तिथं उणं? भ्रमिष्ट झालाय मेला!" पाखरं हसली.

सखबाला घास मिळू लागला. तांबटाशी मात्र तो पुन्हा बोलला नाही, आणि तांबटाच्या गळ्यावरचा लाल डाग कधी गेला नाही.

ते दोन बुंधे मात्र एकमेकांकडे झुकत गेले. टेकले तिथं पांढरे, चौकोनी कण धरले.

घुबडं, धोंडे, पाकोळ्या आणि सखबाचं बोलणं पदरचं आहे, हे कबूल. ते कण तेवढे आजही ताटात सगळ्यांच्या आधी वाढतात.