तांबूचं कडं

फार पूर्वी सह्याद्रीच्या एका रानात गव्यांचा कळप होता. रानकुत्रे आले की थोराड गवे वासरांना मध्ये घेत आणि शिंगं बाहेर रोखून कडं करत. त्या वर्षी थोराड गवे घाट उतरून दूर निघून गेले, आणि कड्यात कोवळ्या शिंगांची पोरं उभी राहिली.

पहिल्याच हल्ल्यात एक कुत्रा लंगडण्याचं सोंग करत पळाला. त्या पोरांमधला तांबू त्याच्यामागे धावला, कडं फुटलं आणि सोनकीच्या वासराचा कान फाटला.

"काढा या पोरांना!" सोनकी भडकली. "माझ्या लेकराच्या जिवावर शिकणार का हे?"

"मग कुठे शिकतील, बाई?" कळपातली थोरली म्हणाली. "तू तांबूच्या मागे उभी राहा. त्याच्या जागी नको."

कुत्रे पुन्हा आलेच. तांबूचे पांढरे पाय बघून तो सोंगाड्या खिदळला, "काय रे, मोजे घालून शाळेत निघालास? ये की, पकड मला!"

तांबूनं खूर उचलला. सोनकी ओरडणारच होती, पण तिला त्याचे मागचे पाय थरथरताना दिसले. तिनं हळूच त्याच्या पाठीला नाक टेकवलं.

"मी आहे रे मागे."

खूर खाली आला. घिरट्या घालून कुत्रे दमले आणि निघून गेले. कळप चरायला पांगला, तरी तांबू तसाच उभा.

"मावशी, आता हललं तर चालेल का?"

"थांब जरा," सोनकी म्हणाली, आणि वासराला त्याच्यापाशी ठेवून निवांत चरायला गेली.